कॅप्सूल आली, तपासणी कोठे आहे?

पुण्यातील कोणत्याही मोठ्या औषधाच्या दुकानात आज गेले, तर स्त्रियांच्या खासगी आरोग्यासाठी म्हणून मांडलेल्या मालाची एक स्वतंत्र फळी दिसते. तीवर सुगंधी द्रावणांच्या बाटल्या असतात, आणि अलीकडे त्यांच्या जोडीला ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपकारक जीवाणूंच्या, कॅप्सूलही येऊन बसल्या आहेत. एकेका कॅप्सूलमध्ये कोट्यवधी जिवंत जीवाणू असल्याचे वेष्टनावर छापलेले असते. अंगावरून पांढरे जाणे, खाज, जळजळ, दुर्गंधी यांचा त्रास ज्यांना वर्षातून तीन-तीन, चार-चार वेळा उलटतो, अशा स्त्रिया साहजिकच या फळीकडे आशेने पाहतात. डॉक्टरांपुढे तपासणीसाठी जावे लागत नाही, घरात कोणाला सांगावे लागत नाही, पतीला तर नाहीच नाही. ही सोय लहान नव्हे. परंतु ज्या आजाराचे निदानच झालेले नाही, त्याचे औषध विकत घेण्याची ही सोय आहे, ही गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवीत नाही.

विषय नाजूक आहे, वर्तमानपत्राच्या या पानावर तो हवाच कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढेच स्मरण द्यावयाचे की, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, ते शरीराच्या अशाच प्रश्नांवर मराठीत मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून. वाचकांच्या शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. या घटनेला नव्वद वर्षे उलटून गेली. त्या काळी ज्या प्रश्नांना मासिकात उत्तर मिळत असे, त्यांना आज जाहिरातीत उत्तर मिळते. या बदलाला सुधारणा म्हणावे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

गडचिरोलीचा धडा

स्त्रियांच्या या दुखण्याचे खरे प्रमाण किती, हा प्रश्न जगात प्रथम गांभीर्याने विचारला गेला तो महाराष्ट्रातच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत घरोघरच्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. रुग्णालयात आलेल्या स्त्रियांवरून अंदाज न बांधता गावातल्या स्त्रियांनाच तपासावयाचे, ही त्यातील नवी गोष्ट होती. या पाहणीचा अहवाल १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार आढळले आणि या एकूण विकारांपैकी निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. याहून अस्वस्थ करणारा आकडा निराळाच आहे. या स्त्रियांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी काळी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झाले होते.

सरकारी आरोग्ययंत्रणेच्या लेखी तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच होते. गर्भवती नसलेल्या आणि शस्त्रक्रियेच्या यादीत न बसणाऱ्या स्त्रीलाही शरीर असते, ते दुखते, हे या आकड्यांनी सिद्ध केले. पुढे १९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या लोकसंख्याविषयक परिषदेने ‘प्रजनन आरोग्य’ ही व्यापक कल्पना मान्य केली, आणि १९९७ मध्ये भारत सरकारने प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू करताना जननमार्गाच्या संसर्गाचा उपचार त्यात समाविष्ट केला. कागदावर प्रश्न मान्य झाला. दवाखान्यात काय झाले, ते पुढे पाहू.

विरजण आणि नासणे

हे दुखणे पुन्हा पुन्हा का उलटते, हे समजून घेण्यासाठी कोणत्याही मराठी घरातील विरजणाचा दाखला पुरेसा आहे. दुधात योग्य जीवाणू वाढले की ते आम्ल तयार करतात, दही लागते, आणि त्या आंबटपणात नासवणाऱ्या जंतूंचा शिरकाव होत नाही. निरोगी योनिमार्गात बहुधा असेच घडते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू तेथे वस्ती करून राहतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या जागेचा सामू साधारणतः ४.५ च्या खाली ठेवतात. या रहिवाशांचे वर्णन जर्मन वैद्य अल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्येच केले होते. तेव्हा जंतू म्हणजे घाण आणि घाण म्हणजे रोग, हे आपल्या मनात बसलेले समीकरण येथे लागू पडत नाही. साबणाने, जंतुनाशकाने किंवा सुगंधी द्रावणाने आतून धुऊन काढण्याचा जो प्रकार स्वच्छता म्हणून केला जातो, त्याने या पहारेकऱ्यांचीच हकालपट्टी होण्याचा धोका असतो.

‘पांढरे जाणे’ या एका शब्दाखाली आपल्याकडे निदान चार वेगवेगळ्या अवस्था झाकल्या जातात. पहिली म्हणजे नैसर्गिक स्राव. तो रोग नव्हेच. दुसरीत लॅक्टोबॅसिलसची वस्ती हटते आणि प्राणवायूविना वाढणारे इतर जीवाणू माजतात. वैद्यक तिला ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांत ही स्थिती आढळते. तिसरी कँडिडा या बुरशीची. प्रतिजैविकांचा मारा, गर्भारपण किंवा काबूत नसलेला मधुमेह यांमुळे ती बळावते. चौथी ट्रायकोमोनास या परजीवीची, आणि ती मात्र लैंगिक संबंधातून पसरते. या सर्वांना एकच औषध लागू पडत नाही. पहिलीला तर औषधच नको. बुरशीच्या रुग्णास जीवाणूनाशक गोळ्या दिल्या, तर बुरशीला अधिकच रान मोकळे होते. निदान न करता दिलेला उपचार येथे निरुपयोगी तर ठरतोच, परंतु कित्येकदा तोच पुढच्या दुखण्याचे कारण बनतो.

योग्य निदान झाले तरी दुसऱ्या प्रकारचा आजार उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेट्रोनिडॅझोल या प्रचलित औषधाने बऱ्या झालेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षाच्या आत तोच त्रास पुन्हा झाला. औषध माजलेल्या जीवाणूंना मारते, पण त्यांचा चिवट थर पुरता निघत नाही आणि हटलेले लॅक्टोबॅसिलस आपोआप परत येतातच असे नाही. भांडे धुतले, पण विरजण लावले नाही, असे काहीसे हे आहे. मग बाहेरून विरजण लावावे, ही कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक होते. प्रोबायोटिक उपचारामागील तर्क एवढाच आहे आणि तो चुकीचा नाही.

पुरावा काय सांगतो?

परंतु तर्क आणि पुरावा यांत अंतर असते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातच झालेल्या एका प्रयोगात, प्रतिजैविके घेणाऱ्या स्त्रियांना बुरशीचा त्रास होऊ नये म्हणून लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिला. काहींना तो पोटातून दिला, काहींना योनिमार्गातून. त्याने फरक पडला नाही. याउलट २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगाने आशा निर्माण केली. त्यात २२८ स्त्रियांना आधी मेट्रोनिडॅझोलचा उपचार दिला. त्यानंतर त्यांपैकी दोन तृतीयांश स्त्रियांना ‘लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस’ या स्त्रीशरीरातच राहणाऱ्या जीवाणूची निवडक जात थेट योनिमार्गात अकरा आठवडे दिली, उरलेल्यांना निष्क्रिय पूड दिली. बारा आठवड्यांच्या अखेरीस जीवाणू मिळालेल्या गटात ३० टक्के स्त्रियांचा आजार उलटला, तर दुसऱ्या गटात ४५ टक्के स्त्रियांचा.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. उपचाराचा फायदा झाला हे खरे. पण दहांपैकी तिघींना तरीही त्रास झालाच. शिवाय तो जीवाणू विशिष्ट होता, त्याची मात्रा मोजलेली होती, तो थेट जागेवर पोचवला होता, आणि त्याआधी रोगनिदान व जीवाणूनाशक उपचार झालेला होता. दुकानातील फळीवरची तोंडाने घ्यावयाची कॅप्सूल यांपैकी बहुतेक अटी पुऱ्या करीत नाही. एका जातीच्या जीवाणूने मिळवलेले यश दुसऱ्या जातीच्या नावावर जमा करता येत नाही. हापूसची कीर्ती सांगून रायवळ विकण्यासारखेच ते होय. घरचे दही खावे, ते पौष्टिक आहेच. पण दह्यातील जीवाणू वेगळे आणि हे वेगळे. काही घरांत दही थेट लावण्याचा उपाय सांगतात, तो मात्र टाळलेलाच बरा.

कायद्याची बाजूही येथे पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे अशी बरीच उत्पादने पूरक आहार म्हणून विकली जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखून दिली. त्यांत जीवाणूची नेमकी जात ओळखणे आणि माणसांवर परिणाम तपासणे यांचा आग्रह आहे. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जीवाणू असावेत, असे ठरवून दिले. पूरक आहाराला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. परंतु ‘समतोल राखते’, ‘ताजेतवाने ठेवते’ अशा मोघम शब्दांतून नेमका तोच दावा ग्राहकाच्या मनात उतरवता येतो. त्रासलेल्या माणसाला वेष्टनावर न लिहिलेलेही वाचता येते.

आजार एकटीचा नव्हे

या प्रश्नाला अगदी अलीकडे एक नवे वळण मिळाले आहे, आणि त्यामुळे हा विषय दुकानातील फळीवरून उचलून घराच्या माजघरात आणणे भाग आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १६४ जोडप्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर केला. सर्व स्त्रियांना नेहमीचा उपचार दिला. निम्म्या जोडप्यांत त्याच आठवड्यात पुरुषालाही पोटातून गोळ्या आणि लावण्याचे मलम दिले. बारा आठवड्यांत केवळ स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के स्त्रियांचा आजार उलटला, तर दोघांवर उपचार झालेल्या गटात ३५ टक्क्यांचा. फरक इतका स्पष्ट होता की, प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. पूर्वीच्या प्रयोगांत पुरुषांना केवळ गोळ्या दिल्या होत्या आणि त्याचा उपयोग दिसला नव्हता. त्यामुळे पुरुषाचा येथे संबंध नाही, असे दीर्घकाळ मानले गेले होते.

म्हणजे वर्षानुवर्षे ज्या स्त्रीला ‘तुझीच प्रकृती तशी’, ‘तूच स्वच्छता पाळत नाहीस’ असे ऐकावे लागले, तिच्या आजाराचे बी कित्येकदा शेजारीच होते. कॅप्सूल एकटीने, गुपचूप घेता येते हीच तिची मोठी सोय असेल, तर तीच तिची मोठी उणीवही आहे. पतीला न सांगता घेतलेला उपचार अशा जोडप्यांत अपुराच राहणार.

येथे दोन टोके टाळली पाहिजेत. पांढरे जाते म्हणजे पतीचे पाऊल वाकडे पडले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. गोव्यात या शतकाच्या आरंभी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत जीवाणूंचा असमतोल जवळजवळ १८ टक्के स्त्रियांत आणि बुरशी साडेआठ टक्क्यांत आढळली. गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांसारखे लैंगिक संबंधातून होणारे रोग मात्र विरळ होते. याच पाहणीत स्राव जाण्याच्या तक्रारीचे मानसिक ताणाशी घट्ट नाते दिसले. पुष्कळ स्त्रिया शरीराच्या भाषेत मनाची थकवणूक सांगत होत्या. दुसरे टोक म्हणजे हे नेहमीचेच आहे म्हणून दुर्लक्ष करण्याचे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील अभ्यासाचे उदाहरण विसरता येणार नाही. गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती आणि त्यांपैकी बहुतेकींचा संबंध केवळ स्वतःच्या पतीशी होता. जीवाणूंचा असमतोल असता ही लागण होण्याचा धोका वाढतो, हेही आता ठाऊक झाले आहे. एकच लक्षण, आणि त्यामागे निरुपद्रवी स्रावापासून गंभीर रोगापर्यंत काहीही असू शकते. मग तपासणीवाचून हे ओळखावयाचे कसे?

आठ टक्के आणि हिरवे पाकीट

सरकारी दवाखान्यांत या प्रश्नाचे उत्तर लक्षणांवरून औषध देण्याच्या पद्धतीत शोधले गेले. योनिस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीसाठी हिरव्या रंगाचे पाकीट ठरलेले आहे. त्यात जीवाणू व परजीवी यांवरील एक आणि बुरशीवरील एक अशी दोन औषधे एकत्र असतात. जेथे प्रयोगशाळा नाही, तेथे काहीच न मिळण्यापेक्षा हे बरे, यात वाद नाही. परंतु तात्पुरती म्हणून स्वीकारलेली सोय कायमची झाली, की तपासणीची गरजच कोणास वाटेनाशी होते. वरचेवर आजार उलटणाऱ्या स्त्रीस तेच पाकीट पुन्हा मिळते, आणि अखेरीस ती दवाखान्याचा नाद सोडून औषधाच्या दुकानाची पायरी चढते. गडचिरोलीच्या स्त्रीकडे कोणी पाहिले नव्हते. पुण्याच्या स्त्रीकडे आता ग्राहक म्हणून पाहिले जाते. दोघींचीही तपासणी राहूनच जाते.

वस्तुतः ही तपासणी महागडी नाही. आम्लता पाहण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसा सामू दाखवणारा कागद, एक सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि ते पाहण्यास शिकलेली तंत्रज्ञ स्त्री, एवढ्यावर या आजारांतील बराच फरक काही मिनिटांत कळतो. निदानाचे चार साधे निकष १९८३ पासून जगभर वापरले जात आहेत. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून निदान दोन दिवस अशी तपासणी, आडोसा असलेली खोली आणि स्त्री डॉक्टर मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय? बुरशीचा त्रास उलटणाऱ्या स्त्रीची रक्तातील साखर तेथेच पाहावी. जीवाणूंचा आजार उलटत असेल, तर पतीलाही बोलावून घ्यावे, आणि ते बोलावणे आरोप वाटणार नाही अशा रीतीने करावे.

प्रोबायोटिकांचा प्रश्नही टाळून चालणार नाही. अमेरिकेत २०११ मध्ये झालेल्या एका पाहणीत, कोणतीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य नव्हते, आणि वंशागणिक हे प्रमाण बदलत होते. तेव्हा आपल्या स्त्रियांत निरोगी वस्ती कशास म्हणावे, हे आपल्याच स्त्रियांना तपासून ठरवावे लागेल. त्यासाठी पुण्याइतके योग्य शहर दुसरे कोणते? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली सूक्ष्मजीवांचे मोठे राष्ट्रीय केंद्र आहे. १९९२ मध्ये भोसरीत स्थापन झालेल्या, आणि आता नाव बदललेल्या, एड्स संशोधन संस्थेचा स्त्रियांच्या संसर्गाचा दीर्घ अनुभव आहे. लस तयार करणारे जगातील अग्रगण्य कारखानदार याच शहरात आहेत. जीवाणू गोळा करून जतन करण्याची, त्यांचे औषध बनवण्याची आणि ते काटेकोर प्रयोगाने पारखण्याची साधने हाताशी असताना पुण्याच्या स्त्रीने परक्या स्त्रियांवर पारखलेली, किंवा न पारखलेलीच, कॅप्सूल का घ्यावी?

तोवर करण्यासारखे जे आहे ते शिक्षकांच्या आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकातील प्रजननसंस्थेचा धडा आजही कित्येक वर्गांत ‘घरी वाचून या’ एवढ्यावर आटोपतो. तो धडा शिकवावा. नैसर्गिक स्राव कोणता आणि रोगाचा कोणता, आतून धुणे का टाळावे, आणि त्रास उलटला तर दुकानाआधी दवाखाना का गाठावा, या तीन गोष्टी सांगण्यास एक तास पुरतो. वर्गातील सोळा वर्षांच्या मुलीला त्या आज शिक्षकाकडून कळल्या नाहीत, तर आणखी काही वर्षांनी वेष्टनावरच्या मजकुरातून कळतील, आणि त्या मजकुरात पतीचा उल्लेख असणार नाही.